आईच्या फोनात मावलं तर पास

आमच्या ऑफिसात झाडलोट करायला बाई येतात, त्या कचरा रोजच्या रोज घेऊन जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते टेबलाखाली, खुर्चीमागे, चहाच्या थर्मासच्या बाजूला साठत राहतात. परवा माझ्या भाचीने सहज विचारलं, "मावशी, तू ऑफिसात नक्की करतेस काय गं?" मी सांगायला बसले आणि तिचा चहा तीनदा गरम करावा लागला.

तर आधी आम्ही करतो काय ते सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. मोबाइलची ॲप्स बनवणाऱ्या सगळ्यांना काही बारीकसारीक कामं रोज लागतात. तारखा मोजायच्या, आकडे नीट दाखवायचे, नेट गेलं तर परत प्रयत्न करायचा. प्रत्येकाने ती नव्याने कशाला लिहायची? म्हणून आम्ही ती एकदाच लिहितो आणि एका गाठोड्यात बांधून देतो. त्या गाठोड्याला म्हणतात लायब्ररी. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो ना, तसंच. पण आमचा डबा अँड्रॉइडवरही चालला पाहिजे, आयफोनवरही चालला पाहिजे, आणि वजनाला हलका पाहिजे. किती हलका? व्हॉट्सॲपवर रोज सकाळी जो गुलाब येतो तो तीनशे केबीचा असतो. आम्हाला शंभर केबीत सगळा संसार मांडायचा होता!

आम्ही चौघं. भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा, खाली फरसाणवाला. अँड्रॉइडची बाजू माझी, म्हणजे अनघाची, आयफोनची रोहितची. रोहित बोरिवलीचा, तोंडाने फटकळ. दोन्हीकडे लागणारा मधला भाग लिहायचे सावंतकाका, वय बावन्न, घर भांडुपलाच, गाव कणकवलीकडे. आणि आमच्या डोक्यावर देवधर मॅडम, ज्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

शंभर केबीची अट नॉर्वेहून आली होती. तिथल्या एका बोटी दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये आमची लायब्ररी होती. मच्छीमार लोक बोटीतून ॲप उघडतात, समुद्रात नेट मुंगीच्या पावलाने येतं, म्हणून नवीन व्हर्जन शंभर केबीच्या आत द्या, तरच पुढचं काँट्रॅक्ट. आमच्याकडे तेव्हा होतं एकशे अडतीस. आणि आमच्या कंपनीच्या मोठ्या ऑफिसने कळवलं होतं की हे काँट्रॅक्ट गेलं तर भांडुपचा गाळा बंद, सगळ्यांनी हैदराबादला यायचं. रोहित गेला असता. मी रडतखडत गेले असते. सावंतकाकांना जाणं शक्य नव्हतं. त्यांची आई एक्याऐंशीची, आणि गावचा रस्ता सोडला तर मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडे जायला त्या तयार नाहीत. म्हणजे लायब्ररी जाड राहिली की काकांची नोकरी गेली. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं, आणि तरीही आम्ही जे काही केलं ते पुढे ऐका.

*

हलकं झालं की नाही हे बघायला जुना, संथ, गच्च भरलेला फोन पाहिजे. आमच्या सगळ्यांचे फोन नवे. काका म्हणाले, "आईचा आणतो." आणला. कोपऱ्यात तडा, मागे रबरबँड, आणि आत तिळाएवढी जागा नाही!

पण फोन एकटा आला नाही. आई पण आल्या, काकांच्या मालवणीत आवस. "फोन हंय रवतलो तर मी पण हंयच रवतलंय," म्हणाल्या आणि मॅडमच्या खुर्चीत बसल्या. तेव्हापासून दर गुरुवारी टेस्टिंग म्हणजे आई आपल्या फोनसकट हजर. मॅडम त्या दिवशी स्टुलावर बसायच्या.

पहिल्याच गुरुवारी आमची लायब्ररी घातलेलं चाचणीचं छोटं ॲप टाकायला गेलो, तर फोनने सांगितलं, जागा नाही. रोहितने आत बघितलं तर गुलाब, कमळं, उगवते सूर्य, हजारभर तरी असतील. त्याने अगदी गोड आवाजात विचारलं, "आजी, यातला एक डिलीट करू? फक्त एक?"

आईंनी त्याच्याकडे असं बघितलं की मी माझी खुर्ची मागे सरकवली.

"हे सगळे माका रोज शुभ सकाळ म्हणतत. तुझ्या ॲपान कधी म्हटल्यान काय?"

मॅडमनी त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं : आईच्या फोनात मावलं तर पास. एकही गुलाब न काढता.

*

आमच्या इस्टेटीची लिफ्ट चार माणसांची आहे. पाचवा चढला की ती हलत नाही, नुसती कुंथते. मॅडमनी त्या लिफ्टवरून नियम काढला. लायब्ररीत नवीन काही आत येणार असेल तर जुनं काहीतरी बाहेर गेलं पाहिजे. मी आयुष्यात इतकी कंजूष कधीच नव्हते. दुसऱ्याचं काय बाहेर काढता येईल यावर प्रत्येकाचा डोळा!

त्यात रोहित आपल्या बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर सुट्टीवर गेला. आता रिकाम्या खुर्चीसमोर माणसाला मोह होतोच. मी त्याचं एक फंक्शन काढलं, म्हणजे डब्यातली एक वाटी. काकांनी एक काढलं. मॅडमनी दोन. कोणी कोणाला सांगितलं नाही, सगळ्यांना वाटलं आपण एकटेच पापी.

रोहित लग्नाचे लाडू घेऊन आला, कॉम्प्युटर उघडला आणि यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग लाडवांचा बॉक्स परत बॅगेत ठेवला.

"मी लग्नाला गेलो होतो यार. वारलो नव्हतो!"

*

आता हा किस्सा मी सांगायला नको, कारण यात माझीच शोभा आहे. पण रोहित सांगतो तेव्हा तो स्वतःला वाचवतो, म्हणून मीच सांगते.

"मेसेज किती वेळापूर्वी आला" हे दाखवणारं एक छोटं काम असतं. एकोणसाठ मिनिटं आणि चाळीस सेकंद झाले की माझा अँड्रॉइड म्हणायचा 'एक तासापूर्वी', रोहितचा आयफोन म्हणायचा 'साठ मिनिटांपूर्वी'. आमचा कायदा असा की दोन्ही फोन एकसारखे बोलले पाहिजेत. कॉम्प्युटरवरची तपासणी लाल झाली, म्हणजे नापास.

मी म्हटलं, बिचाऱ्याची फंक्शनं आम्ही आधीच काढली, त्याला अजून कशाला त्रास? मी माझ्याकडे बदलून 'साठ मिनिटं' केलं. तिकडे रोहितला वाटलं, अनघाशी कोण भांडणार! त्याने त्याच्याकडे 'एक तास' केलं. दुसऱ्या दिवशी तपासणी परत लाल. मला वाटलं माझा बदल नीट सेव्ह झाला नाही, मी परत बदललं. त्यालाही तेच वाटलं. तीन दिवस हे चाललं. आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून आहेत, मी शिंकले तर तो "सत्य आहे" म्हणतो, एवढं अंतर!

शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता, की फक्त कोडमधूनच पत्रव्यवहार?"

मग आम्ही खाली जाऊन कटिंग घेतला, नीट चर्चा केली, वर येऊन एकदमच बदल केला. तपासणी हिरवी! रोहितने खालून सगळ्यांसाठी गरम समोसे आणले. काकांनी समोसा खाता खाता दोन्ही फोन हातात घेतले. नुकताच आलेला मेसेज दोन्ही फोन 'एक तासापूर्वी' म्हणून दाखवत होते.

"अनघा, रोहित, झकास काम केलंत," ते म्हणाले. "आता दोन्हीकडे सारखंच चुकतंय."

*

गणपतीच्या आठवडाभर आधी नॉर्वेहून मेल आला. लिहिणाऱ्या बाईंचं नाव इंग्रिड. रोहित त्यांना पाठीमागे इंग्रिडताई म्हणायचा, पुढे आम्ही सगळेच म्हणायला लागलो. मेलचा मतलब असा : आमच्या ॲपमध्ये दर वर्षी एक दिवस बोटीच्या दुरुस्तीची वेळ घेताच येत नाही. ॲप म्हणतं, आज सुट्टी. कधी हा दिवस ऑगस्टमध्ये असतो, कधी सप्टेंबरमध्ये. तीन वर्षं आम्ही शोधतोय, कारण सापडत नाही. पुढच्या आठवड्यात तसाच एक दिवस परत दिसतोय. कृपया बघा.

मॅडमनी तारीख बघितली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग चष्मा काढला.

"सावंत."

"मॅडम, ते टेस्टसाठी टाकलं होतं."

'पुढचा कामाचा दिवस कोणता' हे सांगणारं काम काकांनी लिहिलेलं. सुट्टी आली तर ते बरोबर चालतं का हे तपासायला नमुन्याची एक सुट्टी लागते. काकांनी पंचांग घेऊन बसून पुढच्या वीस वर्षांच्या गणेश चतुर्थ्या घातल्या होत्या, आणि मग काढायच्या राहिल्या. आपल्याकडच्या कुठल्याच गिऱ्हाइकाला ते कधी खटकलं नाही, कारण त्या दिवशी इथे काम करतं कोण!

"टेस्टला एक तारीख पुरली असती, सावंत. वीस वर्षं कशाला?"

"बाप्पा काय एकदाच येतो, मॅडम?"

मॅडमनी त्यांना स्वतःच माफीचं पत्र लिहायला लावलं. काकांनी मनापासून लिहिलं. गणपती कोण, तो का येतो, त्या दिवशी बोटीच काय, काहीच दुरुस्त का करू नये. शेवटी आईंची मोदकांची कृती इंग्रजीत, आणि सोबत मोदकांचा फोटो. पाठवल्यावर रोहितने बघितलं तर फोटो सहा एमबीचा! आम्ही एकेका अक्षरासाठी भांडतोय आणि काकांनी आमच्या साठ लायब्ऱ्यांच्या वजनाचे मोदक नॉर्वेला पाठवले होते.

इंग्रिडताईंचं उत्तर आलं, थँक यू, यंदा राहू दे, नवीन व्हर्जनमध्ये काढा. बस. एवढंच. आम्ही समजलो, बाई चिडल्या.

*

नवीन व्हर्जन द्यायचं होतं मे महिन्यात. एकशे अडतीसवरून एकशे वीस, एकशे नऊ, एकशे चार. शेवटच्या आठवड्यात आम्ही फंक्शनांची नावंसुद्धा आखूड केली. मॅडमनी आपल्या हाताने आपलं सगळ्यात आवडतं फंक्शन काढलं आणि दिवसभर आमच्याकडे पाठ करून बसल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी मोजलं तर दोनशे चाळीस बाइट जास्त. एक बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर धरा. दोनशे चाळीस अक्षरं! आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणजे होतं. काकांच्या वीस चतुर्थ्या अजून आतच होत्या. 'शेवटी काढतो मॅडम, हात धजत नाही' म्हणत त्यांनी आठ महिने काढले होते. त्यांचं वजन दोनशे साठ बाइट. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि चौघंही छताचा पंखा बघत होतो.

मॅडम म्हणाल्या, "मी अजून एकदा माझं बघते."

"नको मॅडम," काका म्हणाले. "आता मीच करतो."

त्यांनी चपला काढल्या. बेसिनवर हात धुऊन आले. वीस ओळी सिलेक्ट केल्या, हात जोडले आणि बटण दाबलं. रोहित ओरडला, "गणपती बाप्पा!" आणि आम्ही काही म्हणायच्या आत खालून फरसाणवाल्याच्या गाळ्यातून सात-आठ आवाज आले, "मोरया!" भर मे महिन्यात! मग मात्र आम्ही सगळे "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून असे ओरडलो की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला वाटलं आपल्याला कोणीतरी धीर देतंय.

शंभर केबीच्या वीस अक्षरं आत. गुरुवार नव्हता, तरी आईंना बोलावलं. त्यांच्या फोनात ॲप पहिल्या झटक्यात बसलं. एकही गुलाब न काढता.

"आता बरा झाला," आई म्हणाल्या. फोन पिशवीत टाकला आणि घरी गेल्या.

*

त्यानंतर तीन आठवडे नॉर्वेहून काही नाही. मी रोज दहादा मेल उघडून बघायचे. एकदा मी काकांच्या मागून गेले, तर ते हैदराबादमधल्या एका खोलीच्या घरांचे फोटो बघत होते. मला बघून त्यांनी पटकन पान बंद केलं. "सहज," म्हणाले. "लिफ्टवाली बिल्डिंग आहे का बघत होतो, आईला जिना होत नाही." मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं, खोटं कशाला बोलू.

आणि एका सोमवारी मेल आला. मॅडमनी आम्हाला बोलावलं आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

व्हर्जन हलकं आहे, चपळ आहे, बोटीवरचे लोक खूश आहेत. इथपर्यंत छान. पुढे : "परंतु या स्थितीत आम्ही सही करू शकत नाही."

रोहितने माझा हात धरला. काका खाली फरशीकडे बघत होते.

मॅडम वाचत राहिल्या. "नवीन व्हर्जन मिळाल्यावर आमच्या यार्डातल्या सगळ्यांनी पहिल्यांदा सप्टेंबर उघडून बघितला. तो दिवस नाहीये. गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही यार्ड बंद ठेवलं, बोटींना हात लावला नाही आणि तुम्ही पाठवलेली कृती करून बघितली. आमच्या माणसांना मी यंदाही तो दिवस कबूल केला आहे. तो काढा हे मीच सांगितलं होतं, ती माझी चूक झाली. कृपया परत घाला. वजन थोडं वाढलं तरी चालेल. ते झालं की लगेच सही करते. सोबत फोटो."

फोटोत पिवळे रबरी बूट घातलेली आठ दणकट माणसं बंद शटरसमोर ओळीने उभी, मधे इंग्रिडताई, आणि त्यांच्या हातात बेकिंगचा ट्रे. ट्रेमध्ये जे होतं त्याला मोदक म्हणायला मन मोठं लागतं.

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला. मग घसा खाकरला.

"मॅडम, विचारून बघा ना. गौरीजेवणाचा दिवस पण चालेल का त्यांना?"

आणि देवधर मॅडम हसल्या! स्टुलावर बसून, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. खालून फरसाणवाला वर बघायला आला की काय झालं.

काकांनी लगेच तो फोटो आईंना पाठवला. चतुर्थ्या परत टाकायला बसले तेवढ्यात आईंचा फोन आला. काकांनी स्पीकरवर घेतला.

"आई, बघितलास फोटो? ऑफिस हंयच रवतला! खय जाऊक नको!"

"बघितलंय. आधी उघडत नाय होतो. जागा नाय म्हणी."

रोहित माझ्या कानात कुजबुजला, "एक गुलाब गेला वाटतं."

"मगे गो?" काकांनी विचारलं.

"मगे काय! तुमचा ता ॲप होता मा, ता काढून टाकलंय."

मॅडमनी वळून फळ्यावरच्या नियमाकडे बघितलं. आई पलीकडे फोटो निरखत असाव्यात, कारण जरा वेळाने त्यांचा काळजीचा आवाज आला.

"अरे, मोदकांक कळयो किती कमी पडल्यो! थय कोणाची आवस नाय काय रे?"